बाजारहत्नूरच्या टेकडीवरचं तळं

मंगळावर जायचं असेल तर नागपूरच्या बसस्थानकावर हैदराबादकडे जाणारी सकाळची गाडी धरावी, खिडकीशी बसावं आणि इचोड्याला उतरावं. पुढं बाजारहत्नूरपर्यंत ऑटो मिळतो. हे मी भेटेल त्याला सांगत आलो होतो. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, एकदा तर दाताचा डॉक्टर चिमटा घेऊन तोंडात उतरलेला असताना त्यालाही सांगितलं. एवढंच राहिलं होतं की मी स्वतः त्या बसमध्ये कधी बसलो नव्हतो.

त्याला कारण आमचा धंदा. मी ग्रहविज्ञान शिकवतो, म्हणजे जिथं कुणी पाय ठेवणार नाही तिथली माती कशी आहे ते खुर्चीत बसून सांगतो. मंगळाभोवती फिरणारी यानं खालून परतणारा उजेड मोजतात. जमिनीवर चिकणमाती असेल तर त्या उजेडाच्या वर्णपटात ठरावीक जागी एक खाच पडते. चिकणमाती तयार व्हायला पाणी लागतं, म्हणून त्या खाचेवर आम्ही जीव टाकतो.

माझी विद्यार्थिनी शलाका हिला मंगळावरच्या एका विवराच्या उतारावर, बऱ्याच उंचीवर, असा खाचेचा पट्टा सापडला. वर कोरडा खडक, खाली कोरडा खडक आणि मधे किनाऱ्यासारखी चिकणमाती. एके काळी पाणी इथवर चढलं होतं, असं तिचं म्हणणं. आधारासाठी तिनं पृथ्वीची उपग्रहचित्रं महिनोन्‌महिने चाळली आणि आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरजवळच्या टेकडीवर, हुबेहूब तसाच पट्टा हुडकला. काळा खडक तोच, खाच तीच. इथं पूर्वी तळं असणार, मग तिथंही होतं. सगळा प्रबंध या जुळ्या पट्ट्यावर उभा राहिला. परीक्षकांना तो आवडला. फक्त, म्हणाले, तिथली मूठभर माती आणून दाखवा, मग पदवी.

इचोड्याची बस मी गावभर सांगत फिरलो होतो. पण मंगळाची इतकी सवय झाली होती की त्या बसमध्ये आपणही बसू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं.

निघालो ते मे महिन्यात. बसचा पत्रा असा तापला होता की कंडक्टरला तिकिटं फाडावी लागत नव्हती, ती करपून आपोआप सुटत होती. पैनगंगा ओलांडली तेव्हा नदीत पाण्यापेक्षा म्हशी जास्त होत्या. पाट्यांवरची अक्षरं तेलुगू झाली, पण खिडकीबाहेरची भांडणं मराठीतच चालू राहिली. शलाकानं खाच मोजायचं यंत्र पेटीसकट मांडीवर धरलं होतं. वरच्या फळीवर ठेव म्हटलं तर ऐकेना.

इचोड्याच्या धाब्यावर भाकरीबरोबर ठेचा आला. तो खाल्ल्यावर माझ्या कानांतून निघालेला धूर पाहून महामार्गावर दोन ट्रक थांबले, यात तिळमात्र खोटं नाही. आमची पेटी पाहून लोक जमले. एका केळेवाल्यानं हिंदीत विचारलं, सर्वे करायला आलात का, कुणाची जमीन जाणार? मी म्हटलं, भिऊ नका, आमचं काम मंगळावर आहे. तो म्हणाला, “वहाँ भी रोड निकल रहा क्या?”

तिथं आम्हाला घ्यायला सोनकांबळे गुरुजी आले होते. माझ्या एका सहकाऱ्याचे साडू, बाजारहत्नूरकडे मराठी शाळेत शिक्षक. ऑटोत बसल्या बसल्या शलाकानं त्यांना छापलेलं चित्र दाखवलं. गुरुजींनी चष्मा पुसला, चित्र आडवं केलं, उभं केलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे, हे तं आमचंच वावर हाये,” ते म्हणाले. “वरतून असं दिसते काय!” गुरुजींच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबून टेकडीवरचा हा तुकडा घेतला होता, कारण खालचं चांगलं रान त्यांना कुणी विकत दिलं नाही. मंगळ शोधायला निघालो होतो आणि मंगळाचा मालक ऑटोत मांडीला मांडी लावून बसलेला.

ऊन कलल्यावर टेकडी चढलो. माझं वजन पाहता टेकडीच थोडी खाली आली असावी. पायाखाली काळा खडक, ठिसूळ मुरूम, मग एकाएकी भेगाळलेली काळीभोर माती. तोच पट्टा. शलाका गुडघ्यांवर बसली, यंत्र मातीला टेकवलं आणि पडद्यावर खाच उमटली. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. मग तिला ढेकळात एक पांढरा शंख दिसला, नखाएवढा, पाणगोगलगाईचा. इतक्या उंचीवर पाण्यातला जीव! एवढी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तर मनात सत्काराचा नारळही स्वीकारून टाकला.

“त्या तं कितीबी भेटतीन,” गुरुजी म्हणाले. “चेरुवूतला (तलावातला) गाळ हाये ना हा.”

शलाकानं मान वर केली. गुरुजी आनंदानं सांगत सुटले. इथं निव्वळ खडक होता. दर उन्हाळ्यात खालचा तलाव आटला की त्यांचे वडील बैलगाडीनं गाळ वर आणत, आई डोक्यावर टोपली घेऊन गाडीमागं चाले. गाळ पडला की खडकातही कापूस येतो. “आता टॅक्टर हाये, तं सगळेच टाकून राह्यले. त्या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापावतर, पूर्ण लाइन पाहा ना.”

आम्ही पाहिलं. टेकडीला वळसा घालून जाणारी, एकाच उंचीवरची शेतं. आमचा किनारा. चित्रात त्याची एक कड सरळ दिसत होती, तिला प्रबंधात भ्रंशरेषा, म्हणजे खडक तुटून सरकल्याची खूण, म्हटलं होतं. तिच्यावर कुणाचं तरी धोतर वाळत होतं.

शलाकानं गुरुजींकडून कुदळ मागून घेतली. मी खणतो म्हटलं, तिनं ऐकलं नाही. हातभर खाली गाळ संपला आणि खडक लागला, करकरीत, पाण्यानं कधी न कुजलेला. त्यावर यंत्र टेकवलं. खाच नाही. या टेकडीवर तळं कधीच नव्हतं. तळं खाली होतं आणि माणसांनी ते टोपलीटोपलीनं वर आणलं होतं.

“मंगळावर ट्रॅक्टर नाहीत,” मी म्हटलं.

“वारा आहे, सर.”

वरून पाहताना जागेवर झालेली माती आणि आणून टाकलेली माती एकसारखीच दिसते, हे तिनं स्वतःच्या हातानं सिद्ध केलं होतं. तिच्या विवरातही पाणी चढलं होतं की नुसती धूळ येऊन बसली होती, हे आता आमच्या रीतीनं कुणालाच सांगता येणार नव्हतं.

गुरुजींचं हसू मावळलं. “मॅडम, आमचं काई चुकलं काय?”

“नाही गुरुजी,” ती म्हणाली. “माती फार चांगली आहे.”

“हाये ना? कापूस लागला म्हंजे या तुमी पाहाले.” त्यांनी स्वतः ओंजळीनं तिची पिशवी भरून दिली. दुसऱ्या पिशवीत तिनं खालच्या खडकाचा तुकडा टाकला.

संध्याकाळी गुरुजींच्या घरी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. शीलाताई, त्यांच्या पत्नी, तव्यावरून थेट ताटात वाढत होत्या. गुरुजींनी त्यांना सगळी हकिकत सांगितली, आपलं वावर आकाशातून दिसतं हे दोनदा सांगितलं. ताईंनी भाकर उलटत विचारलं, “मंग त्या मंगळावर कोनं टाकला असंन गाळ?” माझ्याकडे न विचारलेल्या प्रश्नांचीसुद्धा उत्तरं असतात. मी आणखी एक भाकर मागितली.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं चालायला लागलं. मी शलाकाला हळूच म्हटलं की परीक्षकांनी मूठभर मातीच मागितली आहे, खडक मागितलेला नाही. मूठभर देऊ. खाच तर त्यात आहेच, शंखही आहे. शंख पाहून ते उभे राहून टाळ्या वाजवतील. आणि बाजारहत्नूरला येऊन खणणार कोण? आपल्यालाच यायला इतकी वर्षं लागली.

तिनं दोन्ही पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या. “यातली कोणती लपवायची ते तुम्ही सांगा. मी लपवते.”

जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. पैनगंगा आली तरी पिशव्या मांडीवरच होत्या.

तिनं दोन्ही दिल्या. प्रबंध परत आला. त्यातलं जुळ्या पट्ट्याचं प्रकरण काढा, असं सांगणं सोपं होतं, पण ते काढल्यावर फक्त प्रस्तावना आणि आभार उरत होते. शलाका आता चंद्रपूरला शिकवणीवर्गात भौतिकशास्त्र शिकवते. मी फोन केला, नव्यानं सुरू करू म्हटलं. “कुठल्या टेकडीपासून?” तिनं विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परवा एका पंगतीत कुणीतरी थट्टेनं विचारलं, काय सर, मंगळाची बस अजून सुटते का? सुटते, म्हटलं, पण खिडकीतूनच पाहा, इचोड्याला उतरू नका. सगळे हसले. मी जिलेबी घेतली.

यान अजून मंगळाभोवती फिरतंय. त्या विवरावरून गेलं की तीच खाच पाठवतं, आणि तिथं हातभर खणून पाहायला कुदळ मागावी असं कुणी नाही. सवयीनं मी या उन्हाळ्यातलं बाजारहत्नूरचं चित्रही उघडलं. पट्टा रुंद झालाय. गुरुजींनी वरचं आणखी एक वावर भरलेलं दिसतं. आमच्या शास्त्राप्रमाणे त्या टेकडीवरचं पाणी चढत चाललंय. शलाकाला पाठवावं म्हणून चित्र निवडलं, आणि तसंच मिटून टाकलं.