शिसवी चाकाचा सांधा

आडतवाल्या अण्णांची मोटार दसऱ्याच्या दिवशी नाल्यात गेली ती डायव्हर प्यायला होता म्हणून, असं आमच्या गावात आजही सांगतात. तो प्यायला नव्हता. मोटारीचं चाक त्याच्या हातात मोडलं, आणि ते चाक मी केलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

चाक म्हणजे हातात धरायचं, ज्याला आता सगळे स्टेअरिंग म्हणतात ते. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि आमच्या आळंदकडच्या खेड्यांत मोटारच एवढी क्वचित दिसे की तिच्या भागांना नावं द्यायची गरज पडत नव्हती. आमचं घर सुताराचं. माझे वडील, म्हणजे अप्पा, पंचक्रोशीतल्या बैलगाड्यांची चाकं करायचे. मी दोन वर्षं बिदरला एका बिदरी कारागिराच्या हाताखाली काढून परत आलो होतो. काळ्या धातूत चांदीची तार कशी बसवायची ते शिकलो होतो, आणि गावात त्या विद्येचा काही उपयोग नव्हता. नांगराला कोण चांदी लावणार? वय बाविशीचं, आणि अप्पांच्या शेजारी बसून आरे तासायचे, याचा मला कमीपणा वाटायचा.

अण्णा तुरीचे आडते. त्यांनी कुठल्याशा जहागीरदाराची जुनी, छत दुमडता येणारी मोटार घेतली. इंजिन चांगलं होतं. चाकाचे चार लोखंडी आरे शाबूत होते, पण त्यांच्यावरचं लाकडी कडं उन्हानं फुटलेलं, घामानं काळं पडलेलं, दोन जागी सुतळीनं बांधलेलं. अण्णा ते चाक धोतराच्या सोग्यात गुंडाळून आमच्या ओसरीवर घेऊन आले.

"मिस्त्री, हे नवं करून द्या," ते अप्पांना म्हणाले. "आणि तुमच्या लेकाला म्हणावं, त्याच्यावर बिदरचं काम कर. जहागीरदाराच्या चाकावर बी न्हवतं असं."

"मोटार चालवायची हाय का मिरवायची, अण्णा?"

"दसऱ्याला दोन्ही करतो की यप्पा."

अप्पांनी जुनं कडं खोलून त्याचे तुकडे ओसरीवर ओळीनं मांडले आणि बराच वेळ नुसतं बघत बसले. मग मला बोलावलं. गाडीच्या चाकाचे पुठ्ठे, म्हणजे कड्याचे लाकडी तुकडे, आणि हे पुठ्ठे दिसायला सारखे, वाकडे, एकात एक घुसणारे. पण अप्पा म्हणाले, "गाडीच्या चाकाला भाईरून लोखंडाची धाव असती. ती गार झाली की सगळ्याला आवळून धरती, सांध्यात थोडं कमीजास्त असलं तरी चालतंय. ह्याला धाव न्हाई. ह्याला सांधाच धरून ठेवतो. ध्यानात ठेव."

शिसव घरात होतं, अप्पांनी कशासाठी तरी अकरा वर्षं वाळवत ठेवलेलं. त्यातून आम्ही पुठ्ठे कापले. सांधे चिकटवायचा सरस कातड्याचा, म्हणून आई तो घरात शिजवू द्यायची नाही. गोठ्याच्या मागं तीन दगड मांडून मी तो शिजवायचो, आणि वास अंगाला लागला की विहिरीवर अंघोळ करूनच आत.

डायव्हर त्या दिवसांत रोज यायचा. बिदरकडचा, चाळिशीचा, मोठ्या हाडाचा माणूस. जहागीरदाराकडं हीच मोटार चालवायचा, आणि मोटारीबरोबर अण्णांकडं आला होता. मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला मिस्त्री म्हणायचा, अप्पांसमोर, मुद्दाम. पूर्वी शिंदी फार प्यायचा. मुलगी झाली तेव्हा दर्ग्यात जाऊन शपथ घेतली आणि सोडली, हे तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी.

त्याचं एकच मागणं होतं. कड्याच्या खालच्या अंगाला बोटांसाठी खाचा हव्यात. घाटात हाताला घाम सुटतो, हात सरकतो. मी ओल्या मातीची जाड वळी करून त्याच्या हातात दिली आणि मूठ आवळायला सांगितली. चार बोटांच्या खुणा उमटल्या. त्यांच्या मापानं मी कानशीनं खाचा काढल्या.

"हल्लू मिस्त्री, हल्लू," शेजारी बसून तो म्हणायचा. "लकडा है, तेरी सासू का डोका नक्को समझ."

"अजून सासू न्हाई मला, चाचा."

"तो फिर इत्ता गुस्सा किसपे?"

अप्पा हसायचे. अप्पा क्वचित हसायचे, म्हणून लक्षात आहे.

अण्णांनी आपल्या आईच्या जुन्या चांदीच्या वाळ्यांची सोनाराकडून तार ओढून आणून दिली. वेलबुट्टी मी कागदावर काढली. अप्पांनी ती पाहिली आणि प्रत्येक सांध्यावर दोन बोटांची जागा नखानं दाखवली. "हितं वेल तोडायचा. सांध्यावर खोदायचं न्हाई."

मी हो म्हणालो. पण वेल तोडला की तो वेल राहत नव्हता, नुसते तुकडे दिसत होते. बिदरला उस्ताद म्हणायचे की वेल कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे कुणाला कळता कामा नये. अप्पा राजेश्वर गावाला एका गाडीच्या कामाला चार दिवस गेले तेव्हा मी वेल अखंड खोदला, सहाही सांध्यांवरून. आणि तार बसवली ती बिदरी भांड्यावर बसवतात तशी, ठोकून. धातू ठोकला की तारेला धरतो. लाकूड धरत नाही, ते आत कुठंतरी सुटतं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. सुताराच्या पोराला ते ठाऊक असतंच.

अप्पा परतले. चाक हातात घेऊन फिरवलं. सांध्यावरची चांदी त्यांनी पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि चाक खाली ठेवलं. "दिसायलाय चांगलं," एवढंच म्हणाले. मला ती शाबासकी वाटली.

खंडेनवमीला पहाटे आम्ही सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडली. रंधा, वाकस, पटाशा, कानशी, माझी तारेची छोटी हातोडीसुद्धा. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आमच्या घरात हा नियम मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पूजा झाल्यावर मी चाकाला शेवटचा तेलाचा हात द्यायला बसलो. तेल एका सांध्यापाशी आत ओढलं गेलं. फडक्यानं पुसलं, तर वेलाच्या खालून केसाएवढी रेघ. अंगठ्यानं दाबलं तर रेघ हलली.

दुरुस्त करायचं तर सांधा उघडून, खरवडून पुन्हा सरस भरून आवळायला हवा होता. हत्यारं पाटावर होती. अण्णांना त्याच दिवशी मोटारीची पूजा करायची होती, आणि चाकाची गोष्ट त्यांनी आळंदच्या सगळ्या बाजारात सांगून ठेवली होती. मी चुलीवर लाखेचा खडा मऊ केला, राखेत काळा केला आणि अंगठ्यानं त्या रेघेत दाबून भरला. हत्यार लागलंच नाही. पुसल्यावर दिसेनासं झालं.

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नवमी होती, हत्यार उचलता येत नव्हतं, काय करणार. हत्यार उचलायला मनाई होती. तोंड उघडायला कुणाची मनाई होती? अप्पा दहा पावलांवर तुळशीपाशी बसले होते. त्यांना सांगितलं असतं तर मोटार त्या दसऱ्याला निघाली नसती, आणि माझी फजिती झाली असती. एवढंच झालं असतं.

डायव्हर चाक न्यायला आला. त्यानं पाटावरच्या हत्यारांना लांबूनच सलाम केला.

"तुमचे हत्यार सोये, पर मेरा पाना जागा है," तो म्हणाला. "मैं बिठा लेता." मग बोटं खाचांत घालून चाक छातीशी धरलं, हवेत डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं. "पक्का है ना, मिस्त्री?"

"हौ चाचा. पक्का."

दसऱ्याला मोटार हार घालून गावाच्या शिवेवर बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडापर्यंत गेली. सगळं गाव मागं चालत. पानं वाटली, मोठ्यांच्या पाया पडणं झालं. परतताना मोटार पुढं निघाली. नाल्याकडं उताराला वळण आहे, तिथं ती वळलीच नाही, सरळ खाली उतरली आणि एका अंगावर कलंडली. मी पोचलो तेव्हा अण्णा गुडघाभर चिखलात पागोटं शोधत होते. त्यांना खरचटलंही नव्हतं. डायव्हर मोटारीला टेकून बसला होता. कडं निघालेल्या लोखंडी आऱ्यानं त्याचा उजवा तळहात आरपार फाडला होता, आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

जवळच शिंदीवाल्याचं खोपटं होतं. मी पळत जाऊन गाडगं आणलं. तो तोंड फिरवत होता. "नक्को रे, कसम है मेरेकू."

"दवा समजून घ्या चाचा."

मीच ते त्याच्या तोंडाला लावलं. निम्मं छातीवर सांडलं. एवढं मात्र मी वाईट हेतूनं केलं नव्हतं.

अण्णा वर आले, त्याच्यावर वाकले आणि सरळ झाले. "वास यायलाय," ते म्हणाले. लोक जमले होते. कुणीतरी म्हणालं, जुनी सवय कुठं सुटती. डायव्हरनं माझ्याकडं पाहिलं. अण्णांनीही पाहिलं, कारण चाकाचे तुकडे तोवर मी गोळा करून हातात धरले होते.

"तुझं चाक कसं मोडलं रे?"

मी म्हणालो, "एवढा माणूस चाकावर आदळला, तर चाक मोडतंच की."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते पुष्कळदा तपासलंय.

घरी अप्पांनी ते तुकडे माझ्या हातातून घेतले. सांध्यातली लाख नखानं काढून बघितली. चांदीची तार उपसून अण्णांना परत पाठवली आणि शिसव चुलीत घातलं. त्यानंतर ते जिवंत होते तोवर त्यांनी मला कशाचाही सांधा करू दिला नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी पटाशी माझ्या हातातून काढून घ्यायचे. कामून, असं मी कधी विचारलं नाही.

डायव्हरला अण्णांनी काढलं. त्या वाकड्या हाताला आणि त्या बदनामीला पुन्हा मोटार कोण देणार? तो विटा वाहणाऱ्या गाड्यांवर हमाली करायला लागला. एकदा आमच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, तू उतार पे था. मैं पहले पिया था क्या? तू बोल दे बस, एक बार, अण्णा के सामने."

"मी लांब होतो चाचा. मला काय दिसलं न्हाई."

"हौ," तो म्हणाला, "दूर था तू." आणि गेला. पुढं खरंच प्यायला लागला. निजामाचं राज्य गेलं त्या साली तो घरच्यांना घेऊन गुलबर्ग्याला गेला आणि तिथंच वारला, असं नंतर कळलं.

दोन वर्षांपूर्वी गुलबर्ग्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात त्याची मुलगी भेटली. गावाचं नाव निघालं तसं तिनं मला ओळखलं, बसवलं, चहा मागवला. बापाचा विषय मी काढला नव्हता, तिनंच काढला. "शिंदी ने खाया अब्बा को. अम्मी आख़िर तक बोलती थी, तू कसम तोडा, इसलिये अल्लाने हात तोडा. वो रोते थे, बोलते थे मैं नहीं पिया था. कौन मानता?"

मी चहा संपवला. बायकोसाठी बांगड्या घेतल्या. ती पैसे घ्यायला तयार नव्हती.

त्या बाईला मी एक गोष्ट देणं लागतो. तिचा बाप त्या दिवशी शुद्धीत होता, शपथ त्यानं मोडली नव्हती आणि गाडगं मी त्याच्या तोंडाला लावलं, हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगायचं. ते मी अजून सांगितलेलं नाही.