काप्दारेकांच्या दगडावरची जागा

लेओन्स काप्दारेक गेला तेव्हा त्याच्या घरात पहिलं पाऊल मी टाकलं, कारण मी त्यांची पहिली शेजारीण. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, आमच्या बेआर्नच्या खोऱ्यात, पहिला शेजारी म्हणजे नुसतं बोलायचं नातं नाही. घरात कुणी गेलं की घड्याळ थांबवायचं त्यानं, गावभर सांगत फिरायचं त्यानं, आणि शवपेटीपुढे मेणबत्ती धरून चालायचंही त्यानंच. भांडण असो नाहीतर नसो. लेओन्सशी माझं भांडण तर कायमचंच, कधी कुंपणावरून, कधी त्याच्या कुत्र्यावरून. पण त्याला मी ओळखत होते, आणि त्यानं काय केलं होतं तेही मला ठाऊक होतं.

माणूस वाईट नव्हता हो. हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. दर ईस्टरला कोकरू कापलं की एक मांडी माझ्या दारात टांगून जायचा, दार न ठोठावता, म्हणजे आभार मानायची भानगड नको. माझा नवरा आजारी पडला त्या वर्षी आमचं सगळं गवत त्यानं कापून आणलं. पण त्याच्या घराचं नाव काढा की माणूस बदललाच. पाठ ताठ व्हायची, आणि बोलायला लागायचा तो थेट त्याच्या बापाच्या आवाजात.

काप्दारेकांचं घर ओढ्याच्या उगमाशी आहे. आमच्याकडे घराला माणसाचं नाव पडत नाही, माणसाला घराचं पडतं. ओढ्याच्या डोक्याशी घर, म्हणून काप्दारेक. घर एक, म्हणून आडनावही एकच. आणि ते घर एकाचंच राहायचं, थोरल्याचं. धाकट्यांना टेबलाच्या खालच्या टोकाला स्टूल, गोठ्यावरच्या माळ्यावर खाट, आणि जन्मभर मेंढ्या. धाकट्यानं लग्न केलं की वाटणी आली, वाटणी आली की कुरण तुटलं, आणि कुरण तुटलं की सगळंच गेलं. कायदा पॅरिसला काहीही म्हणो, आमच्या डोंगरात हे असंच चालत होतं. लेओन्सचे दोन काका आणि एक आत्या त्या माळ्यावर म्हातारे होऊन तिथंच मेले. कुणी हूं की चूं केलं नाही.

मग एका हिवाळ्यात, चीजच्या जत्रेला, पो गावाचे एक निवृत्त मास्तर आले. त्यांना आडनावांचा नाद. सभागृहात पडदा लावून त्यांनी कुठलं आडनाव कुठून आलं ते सांगितलं. माझं आडनाव म्हणे झुडपावरून पडलं, त्यावरून माझ्या जावेनं मला आठवडाभर छळलं. शेवटी मास्तर म्हणाले की या सभागृहात एक फार दुर्मिळ असामी बसली आहे. काप्दारेक हे आडनाव आख्ख्या फ्रान्समध्ये आता एकाच माणसाचं उरलंय. लोकांनी टाळ्या पिटल्या. खाटीक ओरडला की याला आता अस्वलासारखं सरकारी संरक्षण द्या. सगळे खो-खो हसले, मीही हसले.

मास्तर पुढं म्हणाले की इतकं जुनं घर, तरी एकही फांदी फुटली नाही, याचं नवल वाटतं. एखादी साथ आली असेल, किंवा युद्धात मुलं गेली असतील. लेओन्स उठला आणि बाहेर चालायला लागला. टोपी खुर्चीवरच राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण ते मला तेव्हा कुठं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी टोपी द्यायला निघाले तर तोच माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा. बस म्हटलं तर बसेना. म्हणाला, "ओदिल, साथ नव्हती आली. आम्हीच एकेक फांदी छाटली. शेवटची मी छाटली."

त्याचा धाकटा भाऊ फाबियाँ मला चांगला आठवतो. डोंगरावरून शिट्टी वाजवत उतरायचा, कुत्री आधी आणि हा मागं. पावाच्या दुकानात झेली नावाची मुलगी होती, तिच्यावर त्याचा जीव जडला होता. त्यानं लेओन्सकडे फार काही मागितलं नव्हतं. वरचं कुरण आणि तिथली गवताची खोपी, एवढंच. खोपीचं घर करीन म्हणाला. लेओन्स नाही म्हणाला. बापाला मरताना शब्द दिला होता, घर दुभंगू देणार नाही म्हणून. मग उन्हाळा आला आणि फाबियाँ मेंढ्या घेऊन वर डोंगरात गेला, आमचे सगळेच जातात तसा. तिथं दगडी झोपडीत राहायचं, दूध काढायचं, चीज करायचं, सप्टेंबरपर्यंत खाली यायचं नाव नाही. लेओन्स गाढवावर पाव आणि मीठ चढवून दर आठवड्याला वर जायचा, येताना चीज घेऊन यायचा.

एकदा लेओन्स गाढवावर सामान लादत असताना झेली त्याच्या अंगणात आली. तिला दिवस गेले होते. फाबियाँला म्हणावं खाली ये, ती म्हणाली, मेअरच्या कचेरीत येऊन मुलाला आपलं नाव दे. लग्न नाही झालं तरी चालेल. लेओन्सनं सांगतो म्हटलं.

सांगितलं नाही. मुलाला नाव मिळालं की हक्क मिळाला, हक्क मिळाला की वाटणी आली. वाटभर हाच हिशोब. वर पोचल्यावर गाढव मोकळं करताना फाबियाँनं विचारलं, खालून काही निरोप? लेओन्स म्हणाला, काही नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

झेली वाट बघून बघून ओलोरोंला मावशीकडे निघून गेली. तिथं रेल्वेतल्या एका माणसानं, मार्तँ त्याचं नाव, सगळं माहीत असताना तिच्याशी लग्न केलं. मुलगी झाली ती त्याच्या नावावर लागली. सप्टेंबरात फाबियाँ उतरला आणि त्याला कळलं की झेलीनं लग्न केलंय. त्यानं मेंढ्या वाड्यात घातल्या, माळ्यावर गेला आणि झोपला. शिट्टी मात्र मी पुन्हा ऐकली नाही.

लेओन्सचं लग्न थाटात झालं. बायको इर्मा, स्वभावाची गोड. मूल काही झालं नाही. तिघं एका टेबलावर जेवायचे आणि फाबियाँ खालच्या टोकाला. इर्मा गेली, मग छातीच्या दुखण्यानं फाबियाँ गेला. शेवटच्या आजारात लेओन्सनं त्याला चमच्यानं रस्सा पाजला, अंग पुसलं, माळ्यावर त्याच्या खाटेशी बसून राहिला. मला म्हणाला, "रोज ठरवायचो, आज सांगतो. तोंडात यायचं आणि गिळायचो. त्याला वाटायचं मी भाऊ म्हणून करतोय. माझा हात धरून मला आभारी आहे म्हणाला, ओदिल. मला."

मला त्याची कीवही आली आणि चीडही. म्हटलं, "मेल्या, फाबियाँ तर गेला. त्याची पोरगी जिवंत आहे ना? तिला सांग."

तो म्हणाला की तेच करायचंय. दत्तक घेतलं तर तिला काप्दारेक नाव जोडता येतं, घरही देता येतं, वकिलाला विचारून आला होता. आधी सांग, मग दे, असं मी त्याला बजावलं. त्यानं मान हलवली.

झेलीची ही मुलगी, माइलिस, कुठं असते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ओलोरोंला शाळेची बस चालवते. फोन मीच केला. ती येईलसं वाटलं नव्हतं, पण एका रविवारी लेओन्सकडे जेवायला आली, स्वयंपाकाला मीच होते. गाडीतून उतरली आणि मी चुलीवरचं सूप ढवळायचं विसरले, कारण चालणं थेट फाबियाँचं, खांदा पुढं टाकून. लेओन्सनं ते पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

कोबीचं सूप होतं, बदक होतं, चीज होतं. बयेनं सगळं नीट खाल्लं. आणि लेओन्सनं काय करावं? घराबद्दल बोलला, ओढ्याबद्दल बोलला, मास्तरांनी काय सांगितलं ते बोलला. एकच उरलोय, तू नाव घे, घर घे, नाहीतर माझ्याबरोबर सगळं संपतं. असल्या थाटात की जणू उपकारच करतोय. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली. पालथ्या घड्यावर पाणी.

माइलिसनं सुरी पुसून ठेवली. म्हणाली, आईनं जाण्याआधी तिला सगळं सांगितलं होतं. निरोप पाठवला आणि तो आला नाही. "ज्याला मी नको होते त्याचं नाव मला कशाला?"

आता हा बोलला नाही तर मी बोलणार, असं मी ठरवून टाकलं होतं. पण तोच बोलला, तिच्याकडे न बघता. "निरोप त्याला मिळालाच नाही. तुझ्या आईनं माझ्याकडे दिला होता. मी त्याला दिला नाही."

ती हळूच म्हणाली, "त्यानं विचारलं होतं का?"

"दर खेपेला."

ती उठली आणि बाहेर गेली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, पण गाडी सुरू झाली नाही. लेओन्स उठायला लागला, त्याला मी खांदे दाबून खाली बसवला. थोड्या वेळानं ती परत आली. डोळे लाल, आवाज मात्र नीट. म्हणाली, तो झोपायचा कुठं ते दाखवा.

शिडी चढवेना तरी लेओन्स चढला. मीही मागून गेले. खाट, खिळ्याला टांगलेला झगा, कोपऱ्यात काठी, आणि उतरत्या छपराखाली एक खिडकी, पुस्तकाएवढी. त्यातून वरचं कुरण दिसतं, आणि पडकी खोपी. माइलिस खाटेवर बसून बराच वेळ बाहेर बघत राहिली. लेओन्स शिडीच्या तोंडाशी उभा होता. त्या खोलीत त्याला कुठं उभं राहावं तेच कळत नव्हतं.

मग ती म्हणाली, "अख्ख्या देशात एकच उरलंय म्हणता. तेव्हा माझ्यापुरतं एक जास्त झालं असतं, तर काय बुडालं असतं तुमचं?"

लेओन्स शिडीची एक पायरी खाली उतरला.

"माझं नाव मार्तँ आहे," ती म्हणाली. "दगड उचलला की खाली मार्तँ सापडतो, इतके आहेत. पण ज्यानं दिलं त्यानं न मागता दिलं. ते मी बदलणार नाही." घरही तिला नको होतं. फाबियाँची काठी तेवढी मागून घेतली आणि गेली.

लेओन्स त्यानंतर दोन-तीन दिवस बाहेर दिसला नाही. मग एका सकाळी त्यानं पाथरवटाला बोलावलं. आता काप्दारेकांची कबर कशी आहे ते सांगायला हवं. काळा दगड, त्यावर घरच्या धन्यांची आणि त्यांच्या बायकांची नावं. धाकटेही पुरलेत तिथंच, पण त्यांची नावं नाहीत. इतक्या पिढ्यांनी दगड भरत आला होता, तळाशी एकच ओळ मावत होती. तीही इर्मा गेली तेव्हाच लेओन्सनं स्वतःसाठी कोरून घेतली होती, जन्माचं साल घालून, मृत्यूच्या सालाची जागा मोकळी ठेवून. आमच्याकडे करतात तसं, कारण एका खेपेत काम स्वस्तात होतं. पाथरवटाला त्यानं सांगितलं, ही ओळ घासून टाक. तिथं लिही, फाबियाँ काप्दारेक, माइलिसचा बाप.

पाथरवट आधी माझ्याकडे आला, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना विचारायला. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच आहे, तू आपलं काम कर. मग मी लेओन्सकडे जाऊन विचारलं, "आणि तुझं रे? तुझं कुठं लिहायचं?"

"माझं पुष्कळ वापरून झालं," म्हणाला. आणि मला दम भरला की पहिली शेजारीण आहेस, मागाहून शहाणपणा करून दुसरा दगड बसवायचा नाही. मी शब्द दिला. माझ्या जन्मात इतका जड शब्द मी कुणाला दिला नाही.

पुढच्या थंडीत तो गेला. घड्याळ मी थांबवलं, मेणबत्ती मी धरली. चर्चमध्ये माणसं पुष्कळ होती, पण त्या आडनावाचं कुणी नव्हतं, आणि असणारही नव्हतं. त्याला त्याच दगडाखाली ठेवला, धाकट्यांसारखा, बिनओळीचा. गावानं मला नावं ठेवली. खाटकानं तर तोंडावर विचारलं की दगडाला पैसे काढायला जड गेलं का. मी त्याच्याकडे मांस घेणं बंद केलंय.

सर्व संतांच्या सणाला आम्ही सगळे शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातो. मी माझ्या नवऱ्याची कबर झाडत होते, तेवढ्यात माइलिस आली. मागच्या वर्षी एक कुंडी आणली होती, यंदा दोन. एक फाबियाँच्या नावाखाली ठेवली, पानं सारखी केली. दुसरी हातात धरून दगड वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळली.

"ओदिलबाई, ह्यांचं नाव कुठं आहे?"

मी फाबियाँच्या ओळीकडे बोट दाखवलं आणि ती आधी कुणाची होती ते तिला सांगितलं. मग वाकून तिनं फाबियाँची कुंडी थोडी बाजूला सरकवली आणि दुसरी तिला लागून ठेवली.