खाली जाऊन दाबायचं बटण

पुणं सोडून परदेशात, रोटोटुना नावाच्या उपनगरात राहायला गेलो तेव्हा मी दूध पावडरच्या एका कारखान्यात कामाला होतो. काम म्हणायला सोपं. कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह दिसायचे, आकडे हलायचे, पण स्क्रीनवरून करता काहीच येत नसे. ऑपरेटर आकडा बघायचा आणि जिना उतरून हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा. त्या चित्रांवर मी बटणं बसवायची होती, म्हणजे खुर्चीत बसून क्लिक केलं की खालचा व्हॉल्व्ह उघडेल. पुण्यात असली बटणं मी डझनावारी केली होती. त्यात कुणाचं काय जातं, असा विचार कधी डोक्यात आला नाही.

इथे मात्र तो होता. साठीकडे झुकलेला ऑपरेटर, घर कारखान्याच्याच रस्त्यावर, शाळा सोडल्यापासून ही एकच नोकरी. सकाळी ‘किया ओरा’ असा तिथला नमस्कार करत माझ्यापुढे चहाचा मग ठेवायचा आणि मला खाली घेऊन जायचा. कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठल्या पाइपाला हात लावला की आत फेस झालाय ते कळतं, सगळं त्यानेच शिकवलं. आणि ते शिकून मी बटणं करत होतो. निर्लज्जपणा दुसरा काय असतो?

एक दिवस त्याने सरळ विचारलं, “मेट, हे झालं की पाळीला दोन माणसं कशाला लागतील?”

मी म्हणालो, बघू.

“मला दुसरं काही येत नाही,” तो म्हणाला, आणि पुढच्या व्हॉल्व्हकडे वळला.

मग मी शहाणपणा केला. टाकी धुऊन झाली की दूध सोडण्याआधी सगळं थांबेल, माणूस खाली जाऊन पाइप बघेल, आणि तिथल्या पॅनेलवरचं ‘ठीक’ किंवा ‘अडचण’ यातलं एक बटण दाबेल, तेव्हाच पुढची कमांड चालेल, अशी पायरी घातली. मॅनेजरला सुरक्षेचं कारण दिलं, त्याने मान डोलावली. म्हणजे खाली एक माणूस हवाच. ऑपरेटरला हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी परसातली फीजोआची फळं पिशवीभर आणली.

पण माझी पुण्याची खोड! पहिल्या साहेबांनी डोक्यात भरवलं होतं: प्रत्येक क्लिकची नोंद ठेव, कुणी केलं, कधी केलं, उद्या काही बिघडलं तर बोट आपल्याकडे येता कामा नये. या बटणांनाही मी नोंद लावून ठेवली. कुणी मागितली नव्हती.

हिवाळा सरत आला तेव्हा मॅनेजरने बोलावलं. पुढ्यात माझ्याच नोंदींचे छापील कागद. प्रत्येक पाळीत ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’. ‘अडचण’ एकदाही नाही.

“तिथे बघण्यासारखं काही नाहीच,” तो शांतपणे म्हणाला. “नोंदी छान ठेवल्यास. ही पायरी काढून टाक.”

मी म्हणालो, अहो, खालचा माणूस अडचण आधी निस्तरतो आणि मग ‘ठीक’ दाबतो.

“ते कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अरे, नोंदी तू लावल्यास हे सांगितलंस का त्या ऑपरेटरला?” मी भात चिवडत बसलो. मला माझीच किळस येत होती.

पायरी काढल्यावर चाचणीला ऑपरेटर लागतो. त्या पाळीला नेमका तोच. मी वरून क्लिक केलं. खालून वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, “उघडला. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास.” सगळे व्हॉल्व्ह त्याने तसेच तपासले, घाई न करता. मग वर येऊन चाचणीच्या कागदावर सही केली.

“तू माझ्यासाठी धडपडलास, मेट. इथे एवढं कुणी करत नाही,” तो म्हणाला. “त्या नोंदी कुणी ठेवायला लावल्या कुणास ठाऊक.”

मी टेबलावरचा त्याचा मग उचलला आणि धुवायला घेतला.