जमिनीवाल्या सिस्टर

शर्मिला हाटे यांना मी ओळखत होतो असं म्हणणं ही फुशारकीच होईल. माझ्या घराखालचा गाळा अडीच वर्षं त्यांच्याकडे भाड्याने होता. जाता-येता दोन शब्द व्हायचे, तेवढीच ओळख. पुढे लिहितो आहे त्यातलं बरंचसं त्यांनीच हसत हसत सांगितलेलं आहे, काही त्यांच्या यजमानांनी, आणि थोडं जिन्यात उभ्या उभ्या कानावर पडलेलं. मला लिहायची सवय नाही. चूकभूल सांभाळून घ्यावी.

शर्मिलाबाई एकोणीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या, पण नोकरी शेवटपर्यंत कंत्राटीच राहिली. पंचेचाळिसाव्या वर्षी, एका एप्रिलात, त्यांनी नव्या कंत्राटावर सही केली नाही. घरी येऊन म्हणाल्या, "मी आता जमिनी आणि खोल्यांची एजंट होणार."

यजमान राजेंद्र महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला. नुकतेच येऊन बूट काढत होते. एक बूट हातातच राहिला.

"कोण होणार?"

"एजंट. लोक मला लसीचं कमी आणि जमिनीचंच जास्त विचारतात. सिस्टर, ते शेत कोणाचं? सिस्टर, खोली रिकामी आहे का? एकोणीस वर्षं फुकट सांगितलं."

मुलगी मानसीने टाळ्या वाजवल्या. राजेंद्रनी विचार करून मुदत घातली. "दसऱ्यापर्यंत बघ. एक तरी खरेदीखत झालं पायजे. नाय झालं तर महाडच्या दवाखान्यात रात्रपाळीची जागा हाय, ती धरायची."

"धरीन," शर्मिलाबाई म्हणाल्या. रात्रपाळी त्यांना अजिबात नको होती.

गाळ्यावर पाटी लागली. बाजारात चेष्टा सुरू झाली. "सिस्टर, आता जमिनीला पण सुई टोचणार काय?"

"टोचीन की. आधी तुमचा दंड करा पुढे."

एक जुनी सवय मात्र सुटली नाही. बीपीचं मशीन टेबलावर असायचंच. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आधी पट्टा बांधायचा, मग जमिनीची गोष्ट. त्यामुळे झालं असं, की बीपी बघायला लोक पुष्कळ यायचे आणि जमीन न बघताच जायचे. भाद्रपद आला तरी भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या तर हाती काही नव्हतं.

तेव्हा हर्षद आला. वसाहतीतली नोकरी करणारा पोरगा, त्याला रस्त्यालगत दुचाकीचं गॅरेज टाकायचं होतं. महाबळेश्वर रस्त्याला अठरा गुंठ्यांचा एक तुकडा त्याच्या मनात भरला. मालक तिघं चुलतभाऊ, जन्मापासून मुंबईत वाढलेले. त्यांच्यातला मंगेश फोनवर म्हणाला, "सिस्टर, अपना सगळं क्लियर आहे. फक्त सातबाऱ्यावर आमच्या तिघांच्या वडिलांच्या बरोबर एक चंद्रभागा आहे. कोणी जुनी म्हातारी असणार. ती ऑफ झाली असेल, तेवढा मृत्यूचा दाखला मिळत नाही."

त्या दाखल्यासाठी दोन एजंट आधीच हात टेकून गेले होते. आता शर्मिलाबाई हिंडल्या. या वाडीत, त्या वाडीत, देवळापाशी, पारावर. चंद्रभागा कोणालाच माहीत नाही. हर्षदही अस्वस्थ झाला. "दसऱ्यानंतर मी थांबणार नाही हं. महाडकडे दुसरी जागा दाखवतायत."

दसऱ्याला बारा दिवस राहिले होते. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत मंगेशची सख्खी आत्या राहते, ठकूबाई. निदान तिला घरातलं जुनं माणूस आठवेल, म्हणून शर्मिलाबाई चढ चढून तिच्याकडे गेल्या. ठकूबाई भाकऱ्या थापत होती.

"चंद्रभागा?" तिने मान हलवली. "आमच्यात त्या नावाची कोन नाय गो सिस्टर. तू बस. आलीस ती बरी आलीस, कालपास्नं डोकं जड हाय माझं."

पट्टा बांधला, बीपी बघितलं. सवयीने चिठ्ठी लिहायला घेतली. "वय किती लिहू?"

"मला काय म्हाईत! कार्डावर आसंल."

ठकूबाईने प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. शर्मिलाबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ठकूबाई, तुमचं नाव काय?"

"ह्या सिस्टरला काय झालं? ठकू!"

"कार्डावर चंद्रभागा आहे."

ठकूबाईचा हात परातीतच थांबला. "अगो बाय... ती मीच काय गो?" मग तिला आठवलं. तिच्या आधीची दोन पोरं जगली नाहीत, तेव्हा नजर लागू नये म्हणून आईने ठकू हाक मारली. चंद्रभागा फक्त बापाच्या तोंडी होती, ती बापाबरोबर गेली. तलाठ्याकडे मात्र बापाने खरं नाव सांगून ठेवलेलं, आणि जुन्या कागदांवरून तेच कार्डावर आलेलं.

शर्मिलाबाईंनी तिथूनच फोन लावला. "मंगेश, चंद्रभागा सापडली."

"वा! दाखला मिळाला?"

"दाखला कसला, भाकऱ्या थापतेय. घे, बोल."

"अरे मुडद्या!" ठकूबाई ओरडली. "दर मे महिन्यात फनस कोनाचे खातोस रे? आनि माझ्याच मरनाचा कागद शोधतोस?"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण दुसऱ्या दिवशी मंगेशचा फोन आला, हळू आवाजात. "सिस्टर, आत्याला काय कळतंय? हक्कसोड लिहून अंगठा घेऊन टाका ना. लवकर होईल."

शर्मिलाबाईंसमोर कॅलेंडर होतं आणि रात्रपाळीही. तरी त्या म्हणाल्या, "चौथा वाटा तिचा. नाहीतर दुसरा एजंट बघा." फोन ठेवला, आणि घरी येऊन राजेंद्रना म्हणाल्या, "दवाखान्यात विचारून ठेवा."

चार दिवस फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी तिघंही भाऊ गाळ्यात हजर, चेहरे पडलेले. त्यांनी परस्पर अंगठा मागितल्यावर ठकूबाईने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "माझा वाटा देनार नसाल तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नका. मी मेलेली ना? मग मेलेल्या आत्याकडं कोन येतं?"

"सिस्टर, चार वाटे करा," मंगेश म्हणाला. "तिच्याशिवाय गावात आमचं आहे कोण?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरेदीखत झालं. ठकूबाई कार्यालयात नवं लुगडं नेसून आली. अंगठा द्यायला तयार नव्हती. आठवडाभर नातीकडून शिकून तिने 'चंद्रभागा' अशी सही केली. एकेका अक्षराला एवढा वेळ घेतला, की मागच्या रांगेतले लोकही माना उंचावून बघायला लागले. 'गा'चा काना ओढला तेव्हा कोणीतरी टाळीच वाजवली. बाहेर आल्यावर शर्मिलाबाईंनी पट्टा काढला. ठकूबाईचं बीपी नॉर्मल, हर्षदचं थोडं वर.

"आनि तुझं गो?" ठकूबाईने पट्टा हिसकावून त्यांच्याच दंडाला बांधला. सगळ्यांत जास्त सिस्टरचं निघालं. राजेंद्र पेढे घेऊन आले होते, ते त्यांनी सिस्टरला सोडून बाकी सगळ्यांना वाटले.

त्यानंतर 'ज्या जागेच्या वारसांचा पत्ता लागत नाही ती जमिनीवाल्या सिस्टरकडे न्या' असं लोक म्हणू लागले. काम इतकं वाढलं, की गेल्या महिन्यात त्यांनी महाडला मोठं ऑफिस घेतलं. सामान टेम्पोत चढलं, त्या पुढे बसल्या. मला खूप काही बोलायचं होतं, निदान अभिनंदन तरी. मी जिन्यात नुसता उभा.

त्यांनीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, मोटर बंद करा. टाकी वाहतेय."

"करतो," मी म्हणालो.