चावी माझ्या कनवटीला

आमच्या घरात गाडीच्या एका चाकावर जेवढं बोलणं झालं, तेवढं माझ्या गुडघ्यावर कधी झालं नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतची, तेवढ्यात जमेल तसं.

थोरला लेक फौजेत. मागच्या सुट्टीत त्याने गाडी घेतली, अलॉयच्या चाकांची. या चाकांना वरून टोपी नसते, चाकच चांदीसारखं चकचकीत. जाताना तो बायकोला गाडी शिकवून गेला. त्याचं हे एक काम चांगलं झालं. आमचं गाव रहिमतपूरजवळ आणि माझ्या गुडघ्याचा डॉक्टर साताऱ्याला. आधी मी लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसायची आणि धाकटा लेक "आलोच" म्हणून जो जायचा तो उन्हं कलल्यावर उगवायचा. सून गाडी चालवायला लागली आणि माझं ते पायरीवरचं बसणं संपलं.

एकदा दवाखान्यासमोर तिने गाडी फुटपाथला अगदी चिकटवून घेतली. मला खाली रस्त्यावर उतरून परत वर चढायला लागू नये म्हणून. खर्रर्र आवाज झाला. चाकाची कड सिमेंटला घासली होती, वीतभर ओरखडा. पोरीचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र सरळ फुटपाथवर पाय ठेवून उतरले. कितीतरी दिवसांनी न कण्हता.

घरी आल्यावर धाकट्याने खाली बसून चाकाचा फोटो काढला आणि भावाला धाडला. संध्याकाळी थोरल्याचा फोन.

"आई, तिच्याकडची चावी धाकट्याकडं दे. मी येईपातूर तिनं गाडीला हात लावायचा न्हाई."

"मला साताऱ्याला कोण न्हेणार?"

"त्यो न्हेईल की."

धाकटा शेजारी उभा राहून शहाण्यासारखी मान हलवत होता. माझं डोकं फिरलं.

"ह्यानं ट्रॉली मागं घेताना गोठ्याचा खांब पाडला, तवा फोटू कुणी काढला हुता? तवा तू काय म्हणालास? शिकतंय पोरगं! पोरगं! टक्कल पडलं त्याला."

"आई, खांब येगळा, अलॉय येगळं."

"व्हय. खांब माझ्या नवऱ्यानं उभा केल्याला, म्हणून त्याला किंमत न्हाई."

चावी ताटलीत पडली होती. ती मी उचलली आणि कनवटीला खोचली. माझी सासू कोठीची किल्ली अशीच कमरेला खोचायची. तिथनं ती काढून घ्यायची छाती घरात कुणाची नव्हती.

"चाक नीट करू, मग बोल," मी म्हणाले.

"ते घरी हुत न्हाई, आई."

"तुझ्या घरी हुत नसंल. माझ्या घरी हुतंय का बघती."

सुनेने मोबाईलवर बघून सामान आणलं. मी तारेची घासणी घेऊन चाकापुढे बसलेच होते, तिने ती हातातून काढून घेतली.

"आवं आत्ती, पातेलं न्हाई त्ये."

आधी साबणाने धुतलं, पुसून कोरडं केलं. मग पॉलिश पेपरने कडेची बोचरी धार घासून काढली. खड्ड्यात लांबी भरली, म्हणजे पत्रा बुजवायची पुट्टी. ती वाळल्यावर बारीक पेपर पाण्यात बुडवून परत घासलं, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत. आता रंग फवारायचा, तर तो टायरवर उडणार. वर्तमानपत्र लावलं, ते वाऱ्याने फडफडायला लागलं. मग मला फडताळातला लग्नपत्रिकांचा गठ्ठा आठवला. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून टाकवत नाहीत. गणपती कातरून बाजूला ठेवले आणि उरलेले जाड तुकडे टायर आणि चाकाच्या फटीत गोल खोचले. चांगले घट्ट बसले.

तेवढ्यात धाकटा आला. "आई, चाकाचं लगीन लावताय व्हय?"

"व्हय. करवला व्हतोस का? न्हाईतर म्हशीला पाणी दाव जा."

पहिला रंग सुनेने फार जवळून मारला, ओघळ आले. धाकटा हसला. ओघळ घासून काढले, परत मारला, लांबून, पातळ. वर चकाकीचा हात दिला. जवळून बघितलं तर ती जागा जराशी पांढरी दिसते. दिसू दे.

थोरल्याने व्हिडिओवर चाक दाखवायला सांगितलं. सून हळूच म्हणाली, "आत्ती, पलीकडचं चांगलं चाक दाखवू?"

"का? चोरी केलीस?" मी म्हणाले आणि तेच चाक दाखवायला लावलं.

त्याने डोळे बारीक करून बघितलं. "रंग जरा येगळा वाटतोय गं."

मग मी फोन माझ्या हातात घेतला, लुगडं वर केलं आणि सुजलेला गुडघा त्याच्यापुढे धरला.

"चाक बघितलंस, आता ह्यो बघ. तिनं गाडी कडंला का घेतली, इचारलंस कवा?"

फौजेतला माणूस, पण मान खाली घातली. म्हणाला, "न्हाई, आई."

"मग चावी कुणाकडं द्यायची?"

"दे तिलाच."

"ते मला ठावं हाय. तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं." धाकट्याच्या समोरच मी कनवटीची चावी काढून सुनेच्या हातावर ठेवली.

पुढच्या खेपेला दवाखान्यासमोर तिने गाडी फुटपाथपासून लांब, पार रस्त्यात उभी केली. मला परत राग आला.

"हितनं काय उडी मारू?"

"आत्ती, चाक घासंल."

"चाकाला दुखतंय व्हय? घे कडंला."

तिने आरशात बघत बघत गाडी कडेला घेतली. या वेळी आवाज झाला नाही. झाला असता तरी मी उतरलेच असते. फडताळात पत्रिका अजून पुष्कळ आहेत.