ताईंचा अंगठा

ताई रबराच्या तुकड्यात अंगठ्याचं नख रोवायच्या, मनात चार-पाच आकडे मोजायच्या आणि मग त्याच जागेवरून अंगठ्याचं पोट फिरवायच्या. हे करताना त्यांची नजर रबराकडे नसायची, शेडच्या दाराबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या टेम्पोंकडे असायची. नखाची खूण बोटाला लागली की म्हणायच्या, "कच्चं शे," आणि तुकडा मागच्या पिंपात भिरकावायच्या. खूण पुसली गेली असेल तर काहीच बोलायच्या नाहीत. तुकडा समोरच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. त्यांच्याकडून मिळणारं प्रशस्तिपत्र ते एवढंच.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, त्यांची पत्र्याची शेड होती. मूळच्या सटाण्याच्या, 'आहे'ला 'शे' म्हणायची सवय तिकडची. बावीस वर्षं एका रबर कारखान्यात, रबर साच्यात घालून तापवणाऱ्या-दाबणाऱ्या प्रेसवर काम केलं. तो कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेला एक प्रेस त्यांनी उचलून आणला आणि स्वतःचं काम सुरू केलं. द्राक्षबागांना औषध मारायच्या पंपांचे वॉशर हे त्यांचं मुख्य काम. दिंडोरीपासून कळवणपर्यंतचे शेतकरी यायचे. दारावर पाटी नव्हती, तपासणीचा कुठला कागद नव्हता. ताईंनी नख लावलंय, एवढं शेतकऱ्यांना पुरायचं.

माझा धंदा याच्या बरोबर उलटा. मी जवळच्याच एका कारखान्यात तपासणी विभागात. रबर किती कडक आहे हे सांगणारं एक छोटं गेज माझ्या खिशात कायम असतं आणि त्याच्या काट्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही. आमच्या विभागातल्या लोकांना तुम्ही ओळखत असालच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबीचं वेटोळं सारखं आहे का ते बघतात.

अशा माणसाने पन्नाशीला टेकल्यावर जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. "भाजी कुठे ठेवायची?" एवढंच बायकोने विचारलं. गाडी देखणी होती, पण वळणावर डगमगायची. चाकाला धरून ठेवणारे लोखंडी हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे मध्ये रबराचे जाड बुश असतात. माझे भेगाळले होते. नुसते बदलायचे नव्हते, मला मूळच्यापेक्षा कडक हवे होते. गॅरेजवाल्याने ताईंचं नाव सांगितलं.

"असेच पाहिजेत, पण पुष्कळ कडक," जुना बुश पुढे करत मी म्हणालो.

"किती?"

"गेजवर नव्वद."

"गाडीत कोण बसतं?"

"मी. कधी कधी बायको."

"तिला इचारलं का?"

त्यांनी आधी गाडी दाखवा म्हणून सांगितलं. दाखवली. दार उघडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही गाडी हे का पाट?" मग बसण्याआधी त्यांनी चपला काढून शेडच्या दारात ठेवल्या. मी नको नको म्हणत होतो, पण त्या अनवाणीच बसल्या. पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो. सगळा रस्ता त्यांनी तळपाय गाडीच्या पत्र्यावर दाबून धरले होते. परत आलो तेव्हा चपला तिथेच, शेडच्या दारात, वाट पाहत होत्या.

"जोडीतला एक कडक करते, एक मऊ ठेवते," चपला घालताना त्या म्हणाल्या. "समदेच कडक झाले तर खड्ड्याचा मार कोण खाणार? तुमचा पत्रा का आमच्या वहिनी?"

पुढच्या चाकांच्या बुशांचे दोन घाणे पिंपात गेले. तिसरा ट्रेमध्ये बसला. ते घालून मी त्र्यंबक रस्त्याला गेलो. पूर्वी वळणावर ही गाडी आधी विचार करायची आणि मग वळायची. आता सांगितलं की वळू लागली. आणि बायको शेजारी चक्क झोपली. हे ताईंना सांगितलं तर त्या वळणांपेक्षा झोपेवर जास्त खूश झाल्या.

मग मला चाळाच लागला. जेवणाच्या सुट्टीत शेडवर जायचं, त्यांनी अंगठा लावून आकडा सांगायचा आणि मी गेज लावायचं. दोनपेक्षा जास्त फरक पडला तर त्या हरल्या, नाहीतर मी; हरेल त्याने चहा पाजायचा. त्या म्हणायच्या अडुसष्ट, काटा दाखवायचा सदुसष्ट. वर्षभर मीच चहा पाजला. माझ्यासारख्या माणसाला हे झोंबत होतं आणि आवडतही होतं.

दुसऱ्या वर्षी हरून हरून मी पैज सोडून दिली, आणि तेव्हा एक बदल माझ्या लक्षात आला. ताईंच्या तोंडून "कच्चं शे" ऐकू येईनासं झालं. पिंप रिकामं राहू लागलं. मला वाटलं, हात आणखी बसला. तेव्हा मी मागच्या चाकांचे चार बुश करायला दिले होते. त्यांनी नख रोवलं, टेम्पोंकडे पाहिलं, अंगठा फिरवला आणि चारही न बोलता ट्रेमध्ये ठेवले.

घरी येऊन सवयीने गेज लावलं. मागचे चारही सत्तरचे हवे होते, काटा पन्नासवर थांबला. गेज बिघडलं असेल म्हणून दुसऱ्याने पाहिलं, तरी पन्नासच. आणि चारही बुशांवर त्यांच्या नखाची चंद्रकोर स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. रबर कच्चं होतं आणि ताईंच्या अंगठ्याला ते कळलं नव्हतं.

केसाएवढ्या फरकासाठी मी आजवर लोकांचा ट्रक ट्रक माल परत पाठवलाय. त्या दिवशी मी ते चार बुश कपाटाच्या खणात टाकले आणि खण बंद केला.

"मागचे कसे हेत?" पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, आपण फार समजूतदार वागलो.

महिन्याभरात ते उघडं पडलं. मी शेडवर होतो. ताईंनी प्रेसमधून तापलेला साचा ओढला आणि वहिनींची चौकशी करत माझ्याकडे वळल्या. त्यांचा उजवा अंगठा साच्याला टेकला होता आणि त्या निवांत बोलत होत्या. मी ओरडलो तेव्हा त्यांनी हात काढला. तोसुद्धा मी ओरडलो म्हणून. अंगठ्यावर पांढरा फोड आला होता.

ताईंनी डाव्या हाताने तो फोड दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "गाडी कुठं हे?"

गाडी बाहेर होती. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, मोबाइलचा दिवा लावला आणि भर दुपारी रस्त्यावर आडव्या झाल्या. गाडी इतकी बुटकी की खालचं दिसायला त्यांना गाल डांबराला टेकवावा लागला. उठल्या तेव्हा गालाला खडे चिकटले होते.

"जुनेच हेत."

"हो."

"माझ्यांचा किती आकडा आला व्हता?"

"पन्नास."

"आन् मला मस्त म्हणाले."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, ताई."

"तुम्हाला कळलं, तुम्ही बसवले नाय. कळवणच्या माणसाने वॉशर बसवला आसंल ना? फुटला तर औषध त्याच्या अंगावर उडंल. त्याच्या खिशात यंत्र हे का?"

मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

त्यांनी माझ्यादेखत एकेका शेतकऱ्याला फोन लावले. "माझा माल लावू नका, परत आणा," एवढंच सांगत होत्या, कारण विचारलं तर "माझा अंगठा गेला" म्हणत होत्या. माल परत येऊ लागला तसं मला स्टुलावर बसवलं. मी गेज लावून आकडा सांगायचो आणि त्या सपाट आवाजात म्हणायच्या, "कच्चं शे." पिंप भरलं, तेव्हा बाहेर ढीग घातला.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबली आहे. इतकी वर्षं जड साचे उचकटून ती दबली होती. ऑपरेशन झालं, पण अंगठ्यातली जाणीव परत आली नाही. मी त्यांना एक गेज देऊ केलं. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि परत दिलं. "रोज याला इचारून काम करणं मला नाय जमणार, साहेब." प्रेस विकला. आता त्या सटाण्याला बहिणीकडे असतात. शेडमध्ये खोक्यांचं गोदाम आहे. तिकडून गेलो की माझी नजर दाराशी चपला आहेत का ते बघते.

प्रेस विकण्याआधी त्यांनी एकच काम केलं, माझ्या मागच्या चाकांचे चार बुश. साचा त्यांनी भरला, वेळ त्यांनी धरली. थंड झाल्यावर मी गेज लावलं. चारही सत्तर. मग त्यांनी एकेकात नख रोवलं, चार-पाच आकडे मोजले आणि बुश माझ्यापुढे धरला.

"पुसली का खूण?"

"पुसली, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बुश घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या. रस्त्यावरून टेम्पो जात होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बुश डोळ्यांजवळ धरून, फिरवून फिरवून, त्या ती जागा शोधत होत्या. चारही बुश त्यांनी तसेच पाहिले. मग एकेक करून ट्रेमध्ये ठेवले आणि काही बोलल्या नाहीत.