राइटला लावलेली वायर

"खरा टोन तिने घोडपदेववाल्यांना दिला असणार. आपल्याला ही पातळ कॉपी."

प्रशांतदादा हे सुनीलकाकांच्या कानाशी म्हणाले. माझ्या कानावर हेडफोन होता, म्हणजे मला ऐकू येत नसणार असं त्यांना वाटलं. हेडफोन अजून कशालाच जोडलेला नव्हता.

मी कीबोर्डचे टोन, म्हणजे त्यातले वेगवेगळे आवाज, प्रोग्राम करते. नायगावच्या या बेंजो पार्टीला भीमजयंतीच्या मिरवणुकीत एन्ट्रीसाठी जुन्या इंग्रजी रॉकमधला सिंथ हवा होता, तो भरदार, पितळी आवाज. पार्टी सुनीलकाकांची, कीबोर्डवर प्रशांतदादा. संध्याकाळी त्याच रस्त्यावर घोडपदेवची पार्टीही वाजवणार होती. माझं हे पहिलंच मोठं काम. इथे नाव खराब झालं असतं तर गिरणगावातून मला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

असा आवाज दोन सुरांचा बनतो. दोन्ही सारखेच, फक्त एक केसभर चढा. ते एकमेकांवर घासतात आणि आवाज जाड होतो. घरी प्रभादेवीला मी तो हेडफोनवर बनवला होता. रुंद वाटावा म्हणून एक सूर डाव्या बाजूला ठेवला, दुसरा उजव्या. मस्त वाजत होता. इथे चाळीच्या पटांगणात, स्पीकरवर, डास गुणगुणल्यासारखा येत होता.

माझा संशय सरळ प्रशांतदादांवर गेला. त्यांना त्यांचा जुनाच टोन ठेवायचा होता, हे मला माहीत होतं. मी काही न बोलता कीबोर्डची सेटिंग्ज उघडली आणि लॅपटॉपवरच्या माझ्या फाईलशी ताडून बघू लागले.

"काय शोधताय, मॅडम? मी हात नाही लावला हां."

लावला असं मी म्हटलंच नव्हतं. संशय आणखी वाढला.

पण सेटिंग्ज जशीच्या तशी होती.

"बोल ना गं काहीतरी," सुनीलकाका म्हणाले. "तू अशी गप्प राहिलीस की माणसाच्या मनात भलतंसलतं येतं."

मी हेडफोन कीबोर्डला लावला. आवाज पूर्ण येत होता. म्हणजे गडबड पुढे कुठेतरी. वायर धरून कीबोर्डच्या मागे गेले. तिथे दोन सॉकेट असतात, लेफ्ट आणि राइट. लेफ्टवर काळी टेप चिकटवलेली. वायर राइटमध्ये.

"हे असं का?"

"टेम्पोवर हादरे बसून लेफ्टवाला ढिला झालाय. आम्ही कायम राइटलाच लावतो. बाकीचे टोन वाजतात की त्याच्यावर," प्रशांतदादा म्हणाले.

वाजणारच. ते दोन्ही बाजूंना जवळपास सारखे असतात. माझा एक सूर लेफ्टला होता, तो टेपखाली अडकला होता.

मी दोन्ही सूर मधोमध आणले, म्हणजे राइटमधूनही दोन्ही येतील, आणि सेव्ह केलं. प्रशांतदादांनी एक कॉर्ड दाबला. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई हातातली चादर तशीच धरून खाली बघू लागल्या. काकांनी व्हॉल्यूम वाढवला.

तेव्हापासून टोन बनवायच्या आधी मी एवढंच विचारते, की वायर कुठे लावता.

"एक नंबर, मॅडम," प्रशांतदादा म्हणाले. "मघाशी आम्ही असंच आपलं, घरचं बोलत होतो. तुमच्याबद्दल नाही."

मी हेडफोन गळ्यातून काढला.

"माझ्याबद्दलच बोलत होतात, दादा. हा तेव्हा जोडलेला नव्हता. पुढच्या वेळी तोंडावर बोला. माझा पण तुमच्यावरच डाउट होता."